पावसाळ्याची बेगमी : हंगामी रोजगार आणि क्रेडिट कार्डाचे ऋण

मे महिना उतरणीला लागला म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला वेगळीच कळा येते. सुके बांगडे, सुकी सुंगटे, मिरची, चिंच, आमसोले, मीठ, उकडे तांदूळ यांच्या राशी लागतात आणि माणसे पुढल्या चार महिन्यांचे सामान पिशव्या भरभरून घरी नेतात. यालाच आपण गोमंतकीय ‘पुरुमेंत’ म्हणतो. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, साठा किंवा तरतूद असा त्याचा मूळ अर्थ. त्यामागची गरज मात्र या किनाऱ्यावरच्या पावसाइतकीच जुनी आहे. ज्या दिवसांत होडी पाण्यात जाणार नाही, मिरची वाळणार नाही आणि ओढ्याला पूर आला की बाजार गाठता येणार नाही, त्या दिवसांची तरतूद ते दिवस उजाडण्यापूर्वीच करून ठेवावयाची, हे पुरुमेंताचे साधे तत्त्व होय.

आज दुकाने भर पावसातही उघडी असतात. त्यामुळे धान्याची आणि मासळीची बेगमी पूर्वीइतकी आवश्यक राहिलेली नाही. परंतु गोमंतकातील असंख्य कुटुंबांच्या उत्पन्नाला मात्र पावसाळा अजून आहे. जून महिना लागला की त्यांची मिळकत थांबते किंवा आटते, आणि ती पुन्हा वाहू लागण्यास ऑक्टोबर उजाडावा लागतो. मधल्या काळात घर चालविण्यासाठी नव्या पिढीच्या हाती एक नवे साधन आले आहे, ते म्हणजे क्रेडिट कार्ड. हे साधन पुरुमेंताच्या बरोबर उलट तत्त्वावर चालते. पुरुमेंतात आधी साठवण आणि मग खर्च. कार्डात आधी खर्च आणि मग भरणा. हंगामी मिळकतीच्या माणसाला हे उलटे तत्त्व का महाग पडते आणि त्यातून बाहेर कसे यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज किनाऱ्यावरील हॉटेलांत, जहाजांवर आणि वाहतुकीच्या धंद्यात आहेत. तेव्हा या पुस्तिकेच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये.

हंगामी बेकारीचे स्वरूप

बेकारीचे प्रकार अनेक. एखादा उद्योग कायमचा बुडाल्याने येणारी बेकारी वेगळी आणि ठरावीक महिन्यांत काम थांबते व ठरावीक महिन्यांत सुरू होते ती वेगळी. दुसऱ्या प्रकाराला हंगामी बेकारी म्हणतात. ती अचानक येत नाही. तिची तिथी जवळजवळ पंचांगात लिहिल्याप्रमाणे ठाऊक असते. हेच तिचे वैशिष्ट्य, आणि तिच्यावरील उपायाची गुरुकिल्लीही याच ठिकाणी आहे.

गोव्यात अशी बेकारी चहूकडे दिसते. समुद्रकिनाऱ्यावरील शॅक पावसाळ्यापूर्वी मोडून ठेवावे लागतात आणि पाऊस ओसरल्यावरच पुन्हा उभे राहतात. परदेशी पर्यटकांची खास विमाने साधारणपणे ऑक्टोबरपासून येऊ लागतात. त्यांच्या मागे टॅक्सीवाले, मार्गदर्शक, स्वयंपाकी, वाढपी, खोल्यांची सफाई करणारे असा मोठा परिवार कामाला लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ट्रॉलरवरील खलाशी, बर्फाच्या कारखान्यातील मजूर आणि मासळीची वाहतूक करणारे यांची मिळकतही खाली येते. काजूचे काम तर मार्च ते मे एवढ्याच मुदतीचे. पूर्वी खनिज वाहतुकीलाही हाच नियम लागू होता. पावसात बार्जेस थांबत आणि ट्रक दारात उभे राहत.

खाणींच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट शिकविली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. एरवी ज्या सुमारास पावसाळी विश्रांती संपावयाची, त्याच सुमारास ती बेमुदत झाली. एप्रिल २०१४ च्या निकालाने बंदी उठली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या टाळेबंदीने पर्यटनाचा हंगाम मध्येच तोडला. ज्यांनी ट्रकासाठी, टॅक्सीसाठी किंवा घरासाठी मासिक हप्त्यांचे कर्ज घेतले होते, त्यांचे हप्ते मात्र दर महिन्याला येतच राहिले. यावरून असे दिसते की, हंगामी धंद्यातील माणसाने नेहमीच्या पावसाळ्याची तरतूद तर करावीच, पण लांबलेल्या पावसाळ्याचाही थोडा विचार करून ठेवावा.

वर्षाचे उत्पन्न आणि महिन्याचा खर्च

हंगामी कामगाराच्या अडचणीचे मूळ पुष्कळदा कमी वेतनात शोधले जाते. वेतन कमी असते हे खरे, आणि ते वाढावे यात दुमत नाही. पण तेवढेच कारण असते तर तेवढीच वार्षिक मिळकत असलेली इतर कुटुंबेही त्याच प्रमाणात कर्जात दिसली असती. येथे दुसरे एक कारण काम करीत असते. ज्याचे उत्पन्न खरोखर वर्षाचे आहे, तो ते महिन्याचे समजून खर्च करतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाला ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पगार व बक्षिसी मिळून दरमहा २४,००० रुपये मिळतात आणि उरलेल्या चार महिन्यांत काहीच मिळत नाही, असे समजू. त्याला विचारले तर तो आपली मिळकत २४,००० रुपये सांगेल. वास्तविक त्याचे वर्षाचे उत्पन्न १,९२,००० रुपये, म्हणजे बारा महिन्यांच्या हिशेबाने दरमहा १६,००० रुपये आहे. त्याने हंगामातही १६,००० रुपयांतच घर चालविले, तर दरमहा ८,००० याप्रमाणे मेअखेर ६४,००० रुपये शिल्लक पडतील, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांना दरमहा १६,००० रुपये तंतोतंत पुरतील.

परंतु त्याने २४,००० हीच आपली मिळकत धरून दरमहा २२,००० रुपये खर्च केले, तर मेअखेर हाती १६,००० रुपयेच राहतील. पावसाळ्यात काटकसर करून १४,००० रुपयांत महिना भागविला, तरी चार महिन्यांस ५६,००० रुपये लागतील. तूट आली ४०,००० रुपयांची. हा तरुण उधळ्या नाही, व्यसनी नाही. महिन्याला दोन हजार रुपये तो शिल्लकही टाकीत होता. चूक एवढीच की त्याचा भागाकार आठाने झाला, तो बाराने व्हावयास हवा होता.

त्यातून आपल्याकडील खर्चाचे वेळापत्रकही विचित्र आहे. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा, छत्री-रेनकोटाचा खर्च, पावसातील आजारपणे आणि शेवटी चवथ, हे सारे हंगामाबाहेरच्या महिन्यांत येऊन पडते. चवथीला दूरचे नातलग घरी येतात, माटोळी सजते, मुलांना नवे कपडे लागतात. आणि नेमके तेव्हाच, मिळकत सुरू होण्याच्या आदल्या महिन्यांत, घरातील पेटी तळाला गेलेली असते.

कार्डाचा व्यवहार कसा चालतो

अशा वेळी कार्ड आठवते. ते बहुधा हंगामातच मिळालेले असते. पगार नियमित खात्यात जमा होताना पाहून बँकेचा प्रतिनिधी कार्ड देऊ करतो, आणि त्याची मर्यादा डिसेंबर-जानेवारीच्या पगारपत्रकावरून ठरते. जूनमध्ये हा माणूस रिकामा असेल ही गोष्ट त्या पगारपत्रकावर लिहिलेली नसते. २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. २०२२ पासून रुपे जातीची क्रेडिट कार्डे यूपीआयशी जोडण्याची सोय झाल्याने गावातील किराणा दुकानदाराच्या चौकोनी चित्रावर भ्रमणध्वनी धरूनही आता उधारी करता येते. उधारीच्या वहीत दुकानदार निदान आपल्या समोर आकडा लिहीत असे. येथे तो महिनाअखेर कळतो.

कार्ड स्वतः वाईट नाही. महिन्याच्या देयकाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्याला खरेदीवर व्याज पडत नाही, आणि त्याला काही आठवड्यांची बिनव्याजी सवलतच मिळते. ज्याची मिळकत दरमहा येते त्याला हे सोयीचे आहे. अडचण येते ती संपूर्ण रक्कम न भरता ‘किमान देय रक्कम’ भरणाऱ्याची. या दोन शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. एवढे भरले की आपण कर्तव्यातून मोकळे झालो, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात किमान रक्कम भरल्याने खाते थकीत ठरत नाही आणि विलंबशुल्क टळते, एवढेच. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. शिवाय मागील बाकी पूर्ण फिटलेली नसली, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या तांदळावर आजपासूनच व्याज लागते. कार्डावरून रोख रक्कम काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, आणि वर वेगळे शुल्क.

आता वरच्या तरुणाची तूट कार्डावर गेली असे धरून हिशेब करू. ऑक्टोबरमध्ये त्याच्या कार्डावर ४०,००० रुपयांची बाकी आहे. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के धरू. अनेक कार्डांवर तो याच सुमाराचा असतो. ४०,००० वर महिन्याचे व्याज १,४०० रुपये झाले. इतर कर्जांच्या व्याजाला वस्तू व सेवा कर लागत नाही, कार्डाच्या व्याजाला लागतो. १८ टक्क्यांनी तो २५२ रुपये. एकूण १,६५२ रुपये. किमान देय रक्कम बाकीच्या ५ टक्के धरली तर ती सुमारे २,१०० रुपये होते. म्हणजे २,१०० रुपये भरून मूळ कर्ज साडेचारशे रुपयांच्याही आतच कमी झाले.

त्याने कार्डाला पुन्हा हात लावला नाही आणि आठही महिने किमान रक्कम नेमाने भरली, तर मेअखेर त्याचे सुमारे १६,००० रुपये भरून झालेले असतील. हा त्याच्या घराचा एका महिन्याचा खर्च होय. आणि कर्ज उरले असेल सुमारे ३६,७०० रुपये. याच गतीने मूळ बाकी निम्म्यावर येण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. पण पाच वर्षे कोण थांबणार? पुढचा जून दारात उभा असतो, आणि जुन्या बाकीवर नवी तूट चढते. हंगाम संपताना हाती शिल्लक नाही, कार्डावर जागा नाही आणि नोकरीही नाही, अशी तिहेरी कोंडी दोन-तीन पावसाळ्यांत होते, ती या मार्गाने.

या दरांना कायद्याची कमाल मर्यादा असावी असा प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली असा निर्णय दिला की, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेवर विसंबून राहता येणार नाही. आपला दर आपणच देयकावर वाचला पाहिजे. तो महिन्याचा छापलेला असेल, तर बाराने गुणून पाहावा म्हणजे खरा आकडा डोळ्यांसमोर येतो.

पैशाचे पुरुमेंत

उपाय जुनाच आहे. ज्या कुटुंबाने मिरची आणि मासळीची बेगमी पिढ्यान्‌पिढ्या केली, त्याने तीच पद्धत पैशाला लावावयाची.

पहिली गोष्ट म्हणजे हिशेब वर्षाचा मांडावा. मागील हंगामात प्रत्यक्ष किती रक्कम हाती आली ती बारांनी भागावी, आणि येणाऱ्या उत्तराला आपला मासिक पगार समजावे. हंगाम पुढे-मागे होतो म्हणून बारांऐवजी तेरांनी भागणे अधिक सुरक्षित. तेरावा महिना लांबलेल्या पावसाळ्याचा.

दुसरी गोष्ट, ही शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि पगार जमा झालेल्या दिवशीच ती तिकडे वळवावी. खर्च करून उरेल ते टाकू असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. गावच्या अर्बन बँकेत किंवा पतसंस्थेत ऑक्टोबर ते मे अशी आठ महिन्यांची आवर्त ठेव उघडली, तर ती नेमकी जूनच्या तोंडावर हाती येते. व्याज थोडेच मिळेल. पण साडेतीन टक्के महिन्याचे व्याज वाचते, ही त्या ठेवीची खरी मिळकत.

मच्छीमारांसाठीच्या शासकीय योजनेत हेच तत्त्व स्वीकारलेले दिसते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशी तरतूद करण्यात आली की, मच्छीमाराने हंगामात १,५०० रुपये साठवावेत, शासनाने ३,००० रुपये घालावेत आणि एकूण ४,५०० रुपये त्याला बंदीच्या व मंदीच्या तीन महिन्यांत परत मिळावेत. रक्कम लहान आहे. पण हंगामी मिळकतीचे दुखणे बचतीच्या वेळापत्रकात आहे, हे निदान त्यात आहे.

तिसरी गोष्ट, चवथ आणि शाळेचा खर्च यांची तरतूद हंगामातच स्वतंत्र काढावी. जे खर्च दरवर्षी येतात त्यांना आकस्मिक म्हणता येत नाही.

चौथी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची. हंगाम संपला की निधीतील पैसे काढून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत हंगामी कामगारांसाठी एक महत्त्वाची तरतूद करण्यात आली. हंगामी कामगाराची वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षभराहून कमी भरली, तरी ती पूर्ण वर्षाची सेवा धरावयाची. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. म्हणजे दहा हंगाम निष्ठेने काम केलेल्या माणसाला तो हक्क मिळू शकतो. दर पावसाळ्यात निवृत्तिवेतनाचे पैसे काढणारा तो स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. यास्तव मालक बदलला तरी निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक एकच ठेवावा.

नोकरीचा शोध केव्हा आणि कसा

नोकरी शोधण्याचा काळ म्हणजे नोकरी असतानाचा काळ. जूनमध्ये शोध सुरू करणारा उमेदवार शेकडो समव्यवसायी लोकांच्या रांगेत उभा असतो, आणि कर्जाची निकड असल्यामुळे मिळेल त्या अटीवर हो म्हणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधणाऱ्याला नकार देण्याची सवड असते.

मेमध्ये हॉटेल सोडण्यापूर्वी अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि वरिष्ठाचे शिफारसपत्र हाती घ्यावे. मालक पावसाळ्यात परगावी गेला की ही कागदपत्रे मिळत नाहीत. ‘ऑक्टोबरात ये’ असे तोंडी बोलावणे असेल, तर ते निदान एका ओळीच्या पत्रात मागावे. पुढल्या हंगामाचे लेखी बोलावणे हातात असलेला माणूस पावसाळ्यातील तात्पुरते काम निश्चिंतपणे करू शकतो.

काम कोठे पाहावे? एक वाट वर्षभर चालणाऱ्या उद्योगांची. वेर्णे आणि कुंडई येथील औद्योगिक वसाहतींतील कारखाने, त्यांची भोजनगृहे, रुग्णालयांची स्वयंपाकघरे, गोदामे. पगार हंगामी हॉटेलाहून थोडा कमी असला, तरी तो बारा महिने आहे. तुलना करताना बाराचा आणि आठाचा गुणाकार करून मगच निर्णय घ्यावा. दुसरी वाट उलट्या हंगामाची. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात काम करणारे डोंगराळ प्रदेशांतील अनेक तरुण उन्हाळा लागताच मनालीला, लेहला जातात, कारण तेथील हंगाम तेव्हा सुरू होतो. ते दोन हंगाम जोडून एक वर्ष करतात. घर सोडून जाणे सर्वांना शक्य नसते. पण ज्याला शक्य आहे त्याने ही जोडणी मनात आणण्यासारखी आहे. तिसरी वाट चवथीच्या बाजाराची. माटोळीचे सामान, मिठाई, सजावट, कापडदुकाने यांना त्या आठवड्यांत जादा माणसे लागतात, आणि नेमक्या ओढीच्या दिवसांत ती मिळकत उपयोगी पडते. शासकीय रोजगार विनिमय केंद्रात आणि २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संगणकीय नोंदणीत नाव घालण्यास पैसे पडत नाहीत. ती नोंद करून ठेवावीच.

चौथी वाट आपल्या परिचयाची, जहाजाची आणि आखाताची. तारवटी हा शब्द गोमंतकात घराघरांतला. मात्र येथे सावधगिरी हवी. जहाजावरील नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि २०१६ च्या नियमांनुसार तिने खलाशाकडून भरतीचे शुल्क घ्यावयाचे नाही. आखातासाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याचे शुल्क कमाल ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच, तेही पावती देऊन, असे नियमात ठरविलेले आहे. लाख-दोन लाखांची मागणी झाली, पावती नाकारली गेली किंवा कार्डावरून आधी रक्कम भरा असे सांगितले गेले, तर तेथून उठून यावे. नोकरीच्या आशेने कार्डावर घेतलेले कर्ज नोकरी मिळाली नाही तरी फेडावेच लागते.

आधीच कर्जात असलेल्यांसाठी

ज्यांच्यावर बाकी आधीच चढलेली आहे त्यांनी प्रथम ते कार्ड वापरणे पूर्ण थांबवावे. बाकी असेपर्यंत प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून सव्याज आहे, हे ध्यानी घ्यावे. त्यानंतर सर्व कर्जांची यादी करावी : कोणाचे, किती, कोणत्या दराने. ज्याचा दर सर्वांत अधिक ते आधी फेडावयाचे, मग रक्कम लहान असो वा मोठी.

वरील ४०,००० रुपयांच्या उदाहरणात किमान रकमेऐवजी दरमहा ६,००० रुपये भरले, तर कर्ज आठ महिन्यांत, म्हणजे एका हंगामात, फिटते आणि व्याज व कर मिळून पावणेआठ हजारांच्या आसपास जातात. तेच ४०,००० रुपये वर्षाला १२ टक्के दराच्या सोनेतारण कर्जाने उभे करून कार्ड एकदम फेडले, तर दरमहा सुमारे ५,२३० रुपयांच्या आठ हप्त्यांत ते संपते आणि व्याज १,८५० रुपयांच्या आतच राहते. घरातील दागिना गहाण टाकण्याची आपल्याला लाज वाटते. सव्वाचार टक्क्यांच्या आसपासचा मासिक बोजा अंगावर वागविण्याची मात्र वाटत नाही, कारण तो कोणाला दिसत नाही. अर्थात सोने सोडविण्याची तारीख हंगामाच्या आत बसत असेल, तरच हा मार्ग धरावा. दागिना ठेवावयाचा नसेल तर बँकेकडे बाकीचे हप्त्यांत रूपांतर मागता येते. त्याचा दर व प्रक्रियाशुल्क मात्र आधी विचारून घ्यावे.

बँकेशी बोलणे मेमध्ये, पगार चालू असताना करावे. दोन हप्ते चुकल्यावर गेलेल्या ग्राहकापेक्षा आधी आलेल्या ग्राहकाचे म्हणणे अधिक ऐकले जाते. एका कार्डाची बाकी फेडण्यासाठी भ्रमणध्वनीवरून झटपट मिळणारे अनोळखी कर्ज मात्र कदापि घेऊ नये.

ऋणकोलाही काही हक्क आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना बजावले की, वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, नातलगांत वा मित्रांत मानहानी करू नये. त्याच वर्षीच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बाकी फेडलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्यास सांगितल्यावर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे. न झाल्यास दिवसाला ५०० रुपये भरपाई मिळते. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कर्ज फेडता न येणे हा एवढ्यावरून गुन्हा होत नाही; धनादेश न वटणे मात्र फौजदारी प्रकरण होऊ शकते, म्हणून वसुलीच्या दडपणाखाली कोरे धनादेश देऊ नयेत. थोडी रक्कम घेऊन खाते मिटविण्याची तडजोड सुचविली जाते. ती मान्य करण्यापूर्वी हे जाणून असावे की पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढे घराचे वा वाहनाचे कर्ज मागताना ती आड येते. हा अहवाल प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो हंगामाच्या आरंभी पाहून ठेवावा.

शेवटी घराविषयी दोन शब्द. अशी कर्जे बहुधा लपविली जातात. मुलगा आईवडिलांना सांगत नाही, पती पत्नीला सांगत नाही. आणि घर चवथीचा खर्च नेहमीप्रमाणे करीत राहते. जी गोष्ट घराला ठाऊक नाही तिच्यासाठी घर काटकसर तरी कसे करणार? पुरुमेंताची खरेदी कधी एकट्याने होत नसे. काय किती घ्यावयाचे, कोणते सामान यंदा कमी करावयाचे, हे घरात बसून ठरत असे. पैशाच्या बेगमीचाही निर्णय असाच सर्वांनी मिळून, हंगामाच्या पहिल्या पगाराच्या दिवशी, कागदावर आकडे मांडून करावा. चक्रवाढ व्याजाची उदाहरणे शाळेत आपण सर्वांनीच सोडविली आहेत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी यंदा घरी आलेल्या एखाद्या देयकावर तीच रीत चालवून पाहावी आणि आलेले उत्तर आईवडिलांना दाखवावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.